स्मरणिकेसाठी फोटो: मागवावेत कसे, काढावेत कसे, छापावेत कसे

महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सव किंवा अमृतमहोत्सव आला की माजी विद्यार्थी संघ स्मरणिका काढायला घेतो. लेख मिळतात, जाहिराती मिळतात, शुभेच्छापत्रे न मागता येतात. काम अडते ते प्रत्येकाच्या फोटोपाशी. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्याच अडचणीची आहेत, म्हणून हा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फोटो मागवले, २१० आले. डीटीपीवाले म्हणतात, निम्मे चालणार नाहीत. मोबाईलवर तर सगळे स्वच्छ दिसतात. चालणारा फोटो आम्हाला घरच्या घरी ओळखता येईल का?
संघाच्या सचिव, सांगली

उत्तर: येईल. फाईल किती एमबीची आहे ते बघू नका, चेहरा किती पिक्सेलचा आहे ते बघा. ऑफसेट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे सेंटिमीटरला ११८. तुमची चौकट ५ × ६.५ सेंमीची असेल तर कातरून उरलेला फोटो ५९० × ७६८ पिक्सेलचा हवा. अशा चौकटीत हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचा भाग साधारण ३ सेंमी येतो, म्हणजे ३५० पिक्सेल.

संगणकावर फोटो उघडा, कातरण्याच्या टूलने हनुवटी ते माथा एवढाच भाग निवडा आणि उंचीचा आकडा वाचा. ३५० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. २४० ते ३५० च्या मध्ये असेल तरी छापता येतो, थोडा मऊ दिसेल इतकेच. २४० च्या खाली असेल तर ती चौकट लहान करून चालणार नाही, कारण एकट्या माणसाचा चेहरा बाकीच्यांपेक्षा लहान छापणे बरे दिसत नाही. दुसरा फोटो मागा.

मोबाईलवर सगळेच फोटो चांगले दिसतात, कारण तिथे फोटो स्क्रीनच्या मापाला ताणून दाखवला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. एकट्याचा, छातीपर्यंतचा फोटो असेल तर तेवढे पुरते. पण लग्नातल्या आठ जणांच्या फोटोतून एक चेहरा कातरायचा असेल तर तो जेमतेम १५० पिक्सेलचा उरतो. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे डीपीचा स्क्रीनशॉट. मूळ डीपी जास्तीत जास्त ६४० पिक्सेलची असते. स्क्रीनशॉटची फाईल त्याहून मोठी दिसते, पण तपशील वाढलेला नसतो.

चौकटीचे माप फोटो मागवण्याआधीच ठरवा. ए-४ पानावर ५ × ६.५ च्या चौकटी नावासकट ९ बसतात, म्हणजे ४०० जणांना ४५ पाने. ३.५ × ४.५ च्या चौकटी १६ बसतात, म्हणजे २५ पाने. ‘तेव्हा आणि आता’ अशी जोडी छापायची असेल तर लहान मापातच पानाला ८ जण येतात आणि ५० पाने लागतात. सोळा पानी फर्म्यांचा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांच्या गठ्ठ्यांचा) हिशेब मुद्रकाबरोबर बसून आधी करा. फोटो आल्यावर पाने कमी करावी लागली की पहिली कात्री चेहऱ्यांवरच चालते.

प्रश्न: आवाहनात नेमके काय लिहावे? ‘चांगला फोटो पाठवा’ लिहिले की लोक वाटेल ते पाठवतात.
कार्यकारिणी सदस्य, धुळे

उत्तर: ‘चांगला’ हा शब्द काढून टाका. त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. असा मजकूर द्या: ‘गेल्या दोन वर्षांतला, एकट्याचा, छातीपर्यंतचा फोटो. गॉगल, टोपी नको. फिल्टर, चेहरा गोरा करणारे अ‍ॅप नको. शक्यतो मागच्या कॅमेऱ्याने दुसऱ्या कोणी काढलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर जोडणीच्या खुणेत जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, फोटो म्हणून नको.’ डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाईल जशीच्या तशी पोचते. एचडीची सोय साध्यापेक्षा बरी, पण तिथेही फाईल दाबली जातेच.

शब्दांपेक्षा नमुना जास्त काम करतो. चालेल असा एक आणि चालणार नाहीत असे दोन फोटो शेजारी ठेवून एकच चित्र बनवा आणि आवाहनाबरोबर फिरवा. नमुन्याला संघातल्याच कुणाचा तरी फोटो त्यांना विचारून घ्या.

गुगल फॉर्मचा मोह अनेकांना होतो. फॉर्ममधून फाईल चढवायची तर पाठवणाऱ्याला गुगल खात्यात शिरावे लागते आणि सत्तरीच्या पुढचे बरेच जण तिथेच थांबतात. फॉर्म ठेवा, पण जोडीला ई-मेल आणि एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकही द्या. तो क्रमांक एकाच माणसाकडे असावा. फोटो गटावर मागवू नका, गटावरचा फोटो कुणाचा हे आठवडाभराने सांगता येत नाही. आयफोनवरून येणाऱ्या फाईली एचईआयसी प्रकारच्या असतील, त्या डीटीपीवाल्याकडे उघडत नसतील तर जेपेगमध्ये बदलून घ्या. त्यासाठी पाठवणाऱ्याला पुन्हा त्रास देऊ नका.

मुदत दोन टप्प्यांत जाहीर करा. प्रकाशन डिसेंबरात असेल तर पहिली मुदत गणपतीपर्यंत आणि शेवटची दसऱ्याला. दिवाळीत मुद्रकाकडे कामाची रीघ असते.

प्रश्न: १९७८ च्या तुकडीतल्या काही जणांचा त्या काळचा फोटो कुठेच नाही. फक्त वर्गाचा गट-फोटो आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, १० × १२ इंची. त्यातून चेहरे काढता येतील?
संपादक मंडळ, नाशिक

उत्तर: काढता येतील, स्कॅन नीट केला तर. एका रांगेत वीस जण असतील तर १२ इंचांत प्रत्येकाच्या वाट्याला दीडेक सेंटिमीटर येतो, आणि चेहऱ्याची उंची जेमतेम ९ मिमी भरते. ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपक्यांनी) स्कॅन केला तर ती होते सुमारे २१० पिक्सेल, १२०० ने केला तर ४२५. म्हणून १२०० ठेवा. त्यापुढे आकडा वाढवून फायदा नाही, कारण कागदावरच तपशील संपलेला असतो. असे चेहरे ३.५ × ४.५ च्या चौकटीपेक्षा मोठे छापू नका.

ए-४ स्कॅनरची काच १० × १२ ला पुरत नाही. दोन भागांत स्कॅन करा आणि मधला तीन-चार सेंटिमीटरचा भाग दोन्हींत येऊ द्या. फोटो कृष्णधवल असला तरी पहिला स्कॅन रंगीत घ्या. पिवळा डाग किंवा शाईचा शिक्का एखाद्या रंगाच्या चॅनलमध्ये (रंगीत फाईलच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी एकात) जवळजवळ नाहीसा होतो, आणि तोच चॅनल पुढे वापरता येतो. फाईल टिफमध्ये साठवा. पूर्ण आकाराला रंगीत फाईल ५०० एमबीच्या आसपास जाईल, त्याची तयारी ठेवा. पुठ्ठ्याच्या तळाशी छापलेली नावांची यादीही स्कॅन करा. ती यादी फोटोइतकीच मोलाची आहे.

त्या काळचे बरेच रंगीत आणि काही कृष्णधवल फोटो रेशमी पोताच्या कागदावर आहेत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवटा चमकतो आणि चेहऱ्यावर बारीक जाळी दिसते. उपाय असा: एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा करा. दुसरा स्कॅन संगणकावर सरळ करून पहिल्यावर बरोबर बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. चमक एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला पडलेली असते, त्यामुळे ती बरीच मावळते.

जुन्या वार्षिक अंकात छापलेला फोटो हा वेगळा प्रकार. तो मुळात ब्लॉकच्या ठिपक्यांचा बनलेला असतो. तसाच स्कॅन करून छापला तर जुनी जाळी आणि नवी जाळी एकमेकींत अडकून चेहऱ्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये डीस्क्रीनची, म्हणजे छपाईचे ठिपके पुसण्याची, सोय सुरू करा आणि फोटो मूळ मापापेक्षा मोठा करू नका.

प्रश्न: चौकटीत लावलेला जुना फोटो काचेला चिकटला आहे. ओढून काढू का? आणि एक रंगीत फोटो पूर्ण तांबूस झाला आहे.
माजी विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: ओढू नका. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढला की चित्र काचेवर राहते आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा. त्यासाठी जुन्या धाटणीचा जाड, सीसीडी स्कॅनर लागतो. हल्लीचे सडपातळ सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलेच स्पष्ट टिपतात आणि २-३ मिमी अंतरावरही चित्र पुसट येते. तसा स्कॅनर मिळाला नाही तर कॅमेऱ्याने फोटो काढा. चौकट भिंतीला समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा उजेड, आणि कॅमेऱ्यामागे काळे कापड, म्हणजे काचेत तुमचे प्रतिबिंब येणार नाही.

तांबूस झालेल्या फोटोत सायन (निळसर-हिरवे) रंगद्रव्य उडून गेलेले असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत फोटोंचे हे नेहमीचे दुखणे आहे. रंग परत आणण्यात दिवस घालवण्यापेक्षा तो कृष्णधवल करा, आणि तोही हिरव्या चॅनलवरून. लाल चॅनल सपाट झालेला असतो, हिरव्यात डोळे, ओठ, केसांच्या कडा शाबूत सापडतात.

प्रश्न: मेळाव्याच्या दिवशीच सगळ्यांचे फोटो काढावेत असा विचार आहे. अंदाजे २५० जण येतील. एक छायाचित्रकार पुरेल?
मेळावा समिती, नागपूर

उत्तर: पुरणार नाही. नाव विचारणे, बसवणे, केस सारखे करू देणे, पाच फोटो काढणे आणि उठणे याला माणशी दोन मिनिटे लागतात. तासाला फार तर ३० होतात. २५० ना आठ तासांहून जास्त लागतील आणि मेळावा सहा तासांचा असतो, त्यातही दोन तास भाषणांचे. दोन जागा मांडा, आणि नोंदणीच्या टेबलाला लागूनच मांडा. जेवणानंतर कोणी फोटोला येत नाही.

जागा निवडताना उत्तरेकडची मोठी खिडकी असलेला वर्ग मिळतो का बघा. बसणारा खिडकीपासून मीटरभर अंतरावर, अंग थोडे खिडकीकडे, चेहरा कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या बाजूला २ × ४ फुटांचा पांढरा थर्माकोलचा तक्ता उभा करा, म्हणजे सावलीतला गाल काळा पडत नाही. खोलीतल्या ट्यूब आणि एलईडी बंद ठेवा. खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा हिरवट-पिवळा, दोन्ही एका चेहऱ्यावर आले की कोणत्याही सॉफ्टवेअरने जमत नाही. दिवे लावावेच लागले तर शटर १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि दुसऱ्या वेगांवर फोटोत आडवे पट्टे येतात.

खिडकी नसेल तर एक फ्लॅश पांढऱ्या छत्रीतून, डोळ्यांच्या किंचित वर, ४५ अंशांतून, मीटर-सव्वा मीटरवरून. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ २०० इथून सुरुवात करा. लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी. मोबाईलच असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा आणि दीड-दोन मीटरवर उभे राहा. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते. चौकट भरायला जवळ जावे लागते आणि मग नाक मोठे, कान आत गेलेले दिसतात. चेहरा बदलतो तो अंतरामुळे, लेन्सचा त्यात दोष नाही.

पडदा मध्यम राखाडी, न चमकणारा, माणसापासून दीड मीटर मागे. पांढऱ्या पडद्यावर पांढरे केस हरवतात, काळ्यावर काळे केस हरवतात. चष्म्यात चमक आली तर चष्मा काढायला लावू नका, चष्म्याशिवाय त्या माणसाला वर्गमित्रही ओळखणार नाहीत. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात, आणि दिवा थोडा वर घ्या. कपाळ टिपायला टिश्यू पेपर आणि समोर एक आरसा ठेवा. वयस्कर मंडळींना स्टूल देऊ नका, हात टेकायला जागा असलेली खुर्ची द्या. ज्यांना चालणे अवघड आहे त्यांच्या जागेवर कॅमेरा न्या. कॅमेऱ्याची उंची नेहमी बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत असावी.

पहिला फोटो पाटीचा. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, त्यावर अनुक्रमांक आधीच छापलेला. आपले नाव आणि उत्तीर्ण वर्ष त्यांनी स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहायचे. तो कागद छातीपाशी धरून एक फोटो, मग कागद बाजूला ठेवून पाच. ‘परांजपे’ की ‘परांजप्ये’, ‘दीक्षित’ की ‘दिक्षित’ हे त्या हस्ताक्षरातूनच कायमचे ठरते. फोटोनंतर फोन करून विचारायची वेळ येत नाही.

प्रश्न: अमेरिकेतल्या आणि आखातातल्या मित्रांनी व्हिसासाठीचे किंवा सेल्फी फोटो पाठवले आहेत. चालतील?
माजी विद्यार्थी, पुणे

उत्तर: अमेरिकी व्हिसाचा फोटो चौकोनी, २ × २ इंची असतो आणि डिजिटल प्रत अनेकदा ६०० × ६०० पिक्सेलचीच असते. लहान चौकटीला ती पुरते, पण उभी चौकट कातरताना दोन्ही खांदे जातात. सेल्फी शक्यतो नको, आणि घ्यावीच लागली तर ती उलटी नाही ना हे तपासा. शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, साडीचा पदर नेहमीच्या पद्धतीत डाव्या खांद्यावर. खिसा त्या माणसाच्या उजव्या छातीवर दिसला तर फोटो आरशातला आहे, तो आडवा उलटवून घ्या. केसांचा भांग चुकीच्या बाजूला दिसला की जुन्या मित्रांना काहीतरी खटकते, काय ते सांगता येत नाही.

प्रश्न: अंधूक फोटो एआयने स्पष्ट करून छापावेत का?
डीटीपी व्यावसायिक, अहिल्यानगर

उत्तर: चेहऱ्यावर नको. ही साधने हरवलेला तपशील शोधून आणत नाहीत, अंदाजाने नवा तयार करतात. दात सारखे होतात, पापण्या वाढतात, गालावरचा तीळ जातो. चेहरा देखणा होतो, पण तो दुसऱ्याच माणसाचा. धूळ, ओरखडे, कागदाची घडी हे काढायला हरकत नाही. खरा, थोडा अंधूक चेहरा छापलेला केव्हाही बरा.

प्रश्न: लग्नानंतर नावे बदललेल्या मैत्रिणींना कोणत्या नावाखाली घ्यावे? आणि जे हयात नाहीत त्यांचे काय?
महिला शाखा, कोल्हापूर

उत्तर: तुकडीच्या विभागात माहेरचे नाव आधी, कारण हजेरीपटावर तेच होते आणि शोधणारी मैत्रीण तेच शोधणार. त्याखाली लहान टाइपात सध्याचे नाव, आणि शेवटच्या सूचीत दोन्ही नावे. पण हा नियम लादू नका. अर्जातच ‘तुमचे नाव कसे छापावे?’ अशी ओळ ठेवा आणि उत्तर जसे येईल तसे छापा.

दिवंगतांबद्दल ऐकीव माहितीवर काहीही छापू नका. घरच्या कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावरच तशी नोंद करा. हयात माणसाच्या नावामागे ‘कै.’ लागण्यासारखी दुसरी चूक नाही, ती पुढच्या अंकातल्या दुरुस्तीने भरून येत नाही. शिवाय ‘कै.’ सगळ्यांना लागू पडत नाही. मुस्लिम मित्राला ‘पै.’, ख्रिस्ती मैत्रिणीला ‘ख्रिस्तवासी’ लागते. सगळ्यांसाठी ‘दिवंगत’ हा एकच शब्द ठेवला की प्रश्न मिटतो. फोटोला काळी चौकट लावू नका, तुकडीत ते इतरांसारखेच दिसू द्यावेत.

फाईलचे नाव देवनागरीत देऊ नका, काही जुन्या यंत्रांवर त्याची चौकोनी चिन्हे होतात. रोमन लिपीत नाव लिहिले तर एकाच आडनावाची चार स्पेलिंगे होतात. म्हणून फक्त आकडे: आधी अनुक्रमांक, मग उत्तीर्ण वर्ष, मग तेव्हाचा फोटो असेल तर १ आणि आताचा असेल तर २. उदाहरणार्थ ०४२-१९८६-२. नाव, शाखा, फोटो कुणी दिला, छापायची परवानगी आणि संकेतस्थळावर टाकायची परवानगी (ही वेगळी घ्या) हे सगळे त्या क्रमांकासमोर एक्सेलच्या एकाच ओळीत.

प्रश्न: जुने फोटो स्टुडिओने काढलेले आहेत. छापायला त्यांची परवानगी लागते का?
सहसंपादक, ठाणे

उत्तर: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. महाविद्यालयाने पैसे देऊन काढवलेल्या गट-फोटोचा हक्क महाविद्यालयाचा. छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेल्या फोटोचे मात्र त्याला किंवा त्याच्या वारसांना विचारा. स्टुडिओचा शिक्का फोटोवर असेल तर तो कातरून टाकू नका, आणि नाव माहीत असेल तर श्रेयनामावलीत द्या.

प्रश्न: गेल्या वेळी स्क्रीनवर उजळ दिसणारे चेहरे छापून काळवंडले. दोष कुणाचा?
संपादक, सोलापूर

उत्तर: बहुधा कागदाचा आणि तयारीचा. मॅपलिथो (साधा, न चकाकणारा) कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो आणि मधल्या छटा गडद होतात. आर्ट पेपरवर हे कमी होते. मॅपलिथोवर छापायचे असेल तर कर्व्हमध्ये (फोटो सॉफ्टवेअरमधल्या छटा बदलण्याच्या आलेखात) ५० टक्क्यांचा बिंदू ४०-४२ वर आणा आणि सर्वांत काळ्या भागात शाई ९० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर काळे केस आणि काळा कोट एकच गोळा होतो. कृष्णधवल फोटो ग्रेस्केल करून फक्त काळ्या शाईत छापा. चार रंगांत छापले तर एका पानावर हिरवट आणि दुसऱ्यावर गुलाबी उतरतात.

रंगीत चेहऱ्यांत पिवळा मॅजेंटाच्या (गडद गुलाबी शाईच्या) बरोबरीने किंवा किंचित जास्त आणि सायन मॅजेंटाच्या एक तृतीयांश ते निम्मा असला की आपल्याकडची त्वचा नैसर्गिक दिसते. मॅजेंटा वर गेला की माणूस उन्हात भाजल्यासारखा दिसतो. उजळवताना सगळे चेहरे एका गोरेपणाला आणू नका. सावळा माणूस सावळाच छापला गेला पाहिजे, फक्त त्याचे डोळे आणि गालाची कड स्पष्ट दिसली पाहिजे.

मुद्रकाकडून चेहऱ्यांच्या एका पानाचे प्रूफ त्याच कागदावर मागा. डिजिटल प्रूफ चकचकीत कागदावर निघते आणि त्यावरून मॅपलिथोचा काहीच अंदाज येत नाही. पान निवडताना सगळ्यात अवघड पान निवडा: एक कृष्णधवल, एक तांबूस झालेला, एक पांढऱ्या सदऱ्यातला, एक काळ्या कोटातला. ते प्रूफ दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा आणि त्या तुकडीतल्या दोघांना नावे झाकून दाखवा. ज्याला त्यांनी ओळखले नाही, त्याचा फोटो बदला.